हौसेरावांचं सगळ्यात चांगलं मरण

१

ज्या डब्यात हौसेराव निकम मेले होते, तो डबाच चोरीला गेला. ही बातमी मला सांगायला आले ते खुद्द हौसेराव.

जुईनगर स्टेशनसमोरच्या माझ्या व्हिडिओ लायब्ररीचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. दारात हा धिप्पाड माणूस उभा, डोळे लाल, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. पडद्यावर ज्यांना बघून पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात, ते हौसेराव माझ्या स्टुलावर बसून नाक पुसू लागले.

"घात झाला, मिस्बाह. रीळ गेलं."

"कुठलं रीळ?"

"माझ्या मरनाचं."

दुसऱ्या कुणाला घेरी आली असती, पण मला लगेच कळलं. मरण्यात हयात घालवलेला हा माणूस. साताऱ्याकडून वाशीच्या मार्केटमध्ये पोती उचलायला आला आणि एका भुताच्या पिक्चरवाल्याने त्याची मान बघून त्यालाच उचललं. तेव्हापासून बंगल्याचा मुका नोकर, स्मशानाचा राखणदार, मांत्रिकाचा चेला, तळघरातलं प्रेत, असल्या स्वस्तातल्या पिक्चरमध्ये जे काही उरेल ते हौसेराव. कुऱ्हाडीने मेले, सापाने मेले, एकदा तर पिसाळलेल्या झुंबराखाली मेले. इंटरव्हल त्यांना कधी दिसलाच नाही. माझ्या दुकानातल्या भुताच्या कॅसेट केबल आल्यावरही भाड्याने जात होत्या त्या याच माणसाच्या जिवावर. पण नाव विचाराल तर एकाला सांगता येणार नाही, कारण नावांच्या पाटीवर ते कायम 'आणि इतर' मध्ये.

त्यांच्या धंद्यातली एक रीत मला एका कॅसेटमुळे कळली होती. त्यात हौसेराव मरतात आणि दुसऱ्याच क्षणी उठून बसून खदाखदा हसतात. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "एडिटर आळशी निगाला. अगं, मेल्यावर आमी हसतो. नटानं मरनाचा सीन दिला की हसल्याबिगर क्यामेरा बंद करायचा न्हाई. न्हाईतर ते मरन चिकटतं म्हनत्यात. मग त्ये हसू कापून टाकत्यात. माझं समदं हसू कात्रीत गेलं बघ."

ते म्हणताना हसले होते, पण मला ते वाक्य लागलं होतं.

आता १९९५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांचा दिवस आला होता. विलासशेठ या निर्माता-दिग्दर्शकाच्या 'खाडी का शैतान' या पिक्चरमध्ये त्यांना पहिल्यांदा मुखवट्याविना काम मिळालं. मिठागरातला एक बाप, मुलीला वाचवायला सैतानाला मिठी मारून खाडीत ओढतो आणि काठावर येऊन, बोलत बोलत प्राण सोडतो. एकच लांबलचक शॉट. शनिवारी संध्याकाळी उलव्याच्या मिठागरावर तो झाला तेव्हा म्हणे लाइटवालेसुद्धा रडले. विलासशेठने तिथल्या तिथे सांगून टाकलं की पोस्टरवर हौसेरावांचं नाव एकट्याचं, वेगळ्या ओळीत.

आणि सोमवारी लॅबमध्ये धुवायला पाठवायचं म्हणून पेटी उघडली, तर तोच डबा नाही.

"शेठ म्हनतो, तूच लपवलास, आता माज्याकडं वाढीव मागशील. उद्या संध्याकाळपातूर डबा आला न्हाई, तर तो सीनच गाळनार. पोस्टरवरचं नाव गेलं. वर साऱ्या लायनीत सांगनार की हा मानूस चोर हाय."

"पण तुमच्यावरच का?"

हौसेरावांनी मान खाली घातली. "कुलूप फुटलेलं न्हाई, पोरी. आन् किल्ली माज्याच घरात, खिळ्याला असती."

२

कॅसेट परत न करणाऱ्यांना हुडकून काढणं हा माझ्या धंद्याचाच भाग. पत्ता बदललेले, नाव बदललेले, कॅसेटवर बहिणीचं लग्न भरून 'ही आमचीच' म्हणणारे, सगळे मी वठणीवर आणले होते. आमच्या मुरूडकडचे नातेवाईक म्हणायचे, ही पोरगी मास्तरीण व्हायची ती फौजदार झाली. मी दुकान बंद केलं आणि हौसेरावांबरोबर निघाले.

विलासशेठने युनिटसाठी भाड्याने घेतलेली खोली हौसेरावांच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर होती. वरच्या मजल्यावर हौसेराव राहतात म्हणून किल्ली त्यांच्या दारामागे टांगलेली. ज्याला हवी त्याने वर जावं, किल्ली घ्यावी, आणून द्यावी. इतका सगळा विश्वासाचा कारभार.

खोलीत रबरी सैतान भिंतीला टेकून उभा होता, एक डोळा लोंबत. शेजारी पत्र्याची पेटी. मी आत वाकून पाहिलं. कोऱ्या फिल्मचे डबे एकावर एक नीट रचलेले, एकाला धक्का नाही.

"हे डबे विकले तर पैसे येतात का?" मी विचारलं.

"येतात म्हणजे! मी असेच घेतो," विलासशेठ म्हणाला. बारीक अंगाचा, सतत घाम पुसणारा माणूस. "मोठ्या पिक्चरवाल्यांचे उरलेले तुकडे असतात, तेच आपल्याला परवडतात. पण चोराने त्यांना हात नाही लावला. बरोब्बर हौसेरावचा डबा नेला. म्हणून तर बोलतो ना मी! हा डबा दुसऱ्याच्या काय उपयोगाचा?"

प्रश्न बरोबर होता, उत्तर तेवढं घाईचं. मी कॅमेरामन झहूरकडे वळले. झहूर आमच्या रायगडचाच, रोह्याचा. कोपऱ्यात बसून भिंग पुसत होता, केव्हाचं एकच भिंग.

"झहूरभाई, शनिवारी किल्ली तुम्ही घेतली होती?"

"घेतली. पेटीत डबा ठेवला, कुलूप मारलं, किल्ली वर हौसेरावांच्या घरी शालनकाकूंना दिली. सिंपल." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "काकूपन तवाच आमच्या टेम्पोतून उतरल्या होत्या. सगळ्या युनिटला भाकऱ्या घेऊन आल्या होत्या ना उलव्याला. भाकऱ्यांच्या डब्यांची पिशवी मी वर नेऊन देतो म्हटलं."

"आणि शॉट? चांगला आला?"

त्याचा हात थांबला. "बाई, खरं बोलू? शॉट एक नंबर. पन शेठच्या तुकड्यांवर काय लिहिलेलं असतं आणि आत किती फिल्म असते, त्याचा काय भरवसा नाय. हौसेरावांनी शेवटचा श्वास सोडला, मान टाकली, आणि फटफटफट! रोल खलास. कॅमेरा रिकामा फिरायला लागला. मान पडलेली मिळाली ते नशीब. परत घ्यायला तिथं दुसरा तुकडा नव्हता आणि सूर्य पन गेला."

"म्हणजे चुकून शेवटचा भाग मिळालाच नसेल तर?"

"मिळालाय!" झहूर ताडकन उठला. भिंग हातातून सुटून रबरी सैतानाच्या पायाशी पडलं. "पन हिते कोनाचा विश्वास बसनार? म्हनूनच बोलत नव्हतो. सगळे म्हनतील, झहूरने शॉट घालवला आणि डबाच गायब केला."

विलासशेठ आता झहूरकडे बघत होता, आणि त्याची नजर काही बरी नव्हती.

३

पिक्चरचा हिरो शिवतेज हा विलासशेठच्या बहिणीचा मुलगा. कोपऱ्यावरच्या ज्यूस सेंटरपाशी मोटारसायकलवर बसलेला सापडला. गॉगल लावलेला, छातीचं बटण उघडं. हौसेरावांच्या सीननंतर या पोराला कोण बघणार होतं?

"हौसेराव सांगतात, शनिवारी रात्री तूही किल्ली घेतली होतीस."

"गॉगल राहिला होता, मॅडम. दोन मिनिटांत घेतला आणि आलो."

"त्या सीनमध्ये तू कुठे होतास?"

"मागे. बेशुद्ध." त्याने स्ट्रॉ चावली. "हिरोला बेशुद्ध पाडून म्हातारा सगळी टाळी घेऊन गेला. मी मामाला बोललो, हा सीन अर्धा कर. हो, बोललो! लपवत नाही. पिक्चर माझा आहे की त्याचा?"

"म्हणजे डबा गेला तर तुझा फायदा."

"हे बघा, टेन्शन देऊ नका." गॉगल निघाला. आतले डोळे अगदीच पोरसवदा होते. "मला तो सीन नकोच असता ना, तर मी डबा उचलून कशाला फिरलो असतो? झाकण उघडायचं, ऊन दाखवायचं, बंद करून परत ठेवायचं. धुतल्यावर सगळं काळं. नाव झहूरचं आलं असतं. कुनाला कळलं पन नसतं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला वाटलं, मला तो आवडला. मला आवडला तो त्याचा मुद्दा.

"आणि खरं सांगू? मी पडल्या पडल्या ऐकत होतो तो डायलॉग." तो ज्यूसच्या ग्लासात बघत म्हणाला. "माझ्या पप्पांची आठवण आली. हौसेकाकांची ती बायको पन रडत होती, कॅमेऱ्याच्या मागे. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती एकटी कावरीबावरी होऊन झहूरला विचारत होती, झालं का, बंद झालं का म्हणून."

पैशासाठी चोरी असती तर कोरे डबे गेले असते. सीन मारायचा असता तर नुसतं झाकण उघडलं असतं. याचा अर्थ, चोराला तो डबा लॅबमध्ये जायला नको होता आणि खराबही व्हायला नको होता. असा डबा कोण नेतं?

४

उत्तर शोधत मी हौसेरावांच्या घरी गेले. दुपारची वेळ. शालनकाकू ताटं वाढत होत्या. खटावच्या या बाईचा हात म्हणजे काय सांगू! माझ्या अम्मीलासुद्धा त्यांच्या ज्वारीच्या भाकरीचं कौतुक. दरवर्षी गावाकडून पोतं यायचं आणि स्वयंपाकघरातलं उंच पत्र्याचं पिंप गळ्यापर्यंत भरायचं.

आज ताटात पिठलं होतं आणि शेजारी बेकरीचा पाव.

"हे बघ," हौसेराव कुरकुरले. "शनिवारपासनं पाव खातोय. जन्मात आमच्या घरात पाव आला न्हवता. मानसाचं नाव जातंय ते जातंय, वर भाकरीबी ग्येली."

"हात दुखतोय माजा," शालनकाकू तिकडे तोंड करून म्हणाल्या. त्याच हाताने त्यांनी पाण्याची भरलेली कळशी उचलून ओट्यावर ठेवली.

हौसेरावांनी पावाचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि हातातच धरून ठेवला. "लई सपान बघितलं हुतं गं पोरी. हिला बी शनवारी घरी आल्यावर सांगितलं. म्हटलं, शालन, येकदा का लॅबमदी धुतलं की पक्कं झालं. मग ब्रह्मदेव आला तरी बदलायचं न्हाई. माजं मरन कायमचं ऱ्हानार."

शालनकाकूंच्या हातातला चमचा खाली पडला.

मी पावाचा घास तोंडात घेतला आणि तो तसाच राहिला. मला एकदम सगळं दिसलं. इतकं सोपं की मला स्वतःचाच राग आला. सकाळपासून मी किल्ली नेणाऱ्यांच्या मागे फिरत होते, आणि किल्ली देणाऱ्याकडे बघितलंच नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "विलासशेठना निरोप द्या. उद्या दुपारी सगळे उलव्याला, त्याच जागी. तुम्ही त्याच कपड्यांत, तेच रक्त लावून. शनिवारी काय घडलं ते पुन्हा उभं करायचंय. डबा तिथेच मिळेल."

"चोर घावला?" हौसेराव उठून उभेच राहिले.

"उद्या. आणि तुम्ही मेलात की कट म्हणेपर्यंत उठायचं नाही, काहीही ऐकू आलं तरी."

"ते मला नगं शिकवू," ते दुखावून म्हणाले.

निघताना मी झहूरला गाठून एक गोष्ट मागितली. आणि त्याआधी, दाराशी, शालनकाकूंच्या कानात एकच वाक्य सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

५

तेव्हा उलव्याला बिल्डिंगा नव्हत्या. मिठाचे ढीग, उथळ पाणी, एक मोडकी शेड आणि खाडीचा वारा. हौसेराव चिखलात पाठीवर पडले, छातीवर साखरेच्या पाकाचं लाल रक्त. झहूरने कॅमेरा मांडला. शिवतेज मुकाट्याने मागे जाऊन बेशुद्ध पडला. विलासशेठ घड्याळ बघत उभा. शालनकाकू डब्यांची पिशवी पोटाशी धरून शेडच्या सावलीत.

"डायलॉग नको, शेवटचा श्वास तेवढा द्या," मी म्हटलं.

हौसेरावांनी श्वास सोडला, मान टाकली. खरं सांगते, मी त्यांना उठवायला एक पाऊल पुढे टाकलं. इतक्या कॅसेट बघूनसुद्धा.

"आता ऐका. झहूरभाईंनी डबा घालवला नाही. शॉट खराब असता तर ते गप्प बसून लॅबला दोष देते, तुकड्यांना दोष देते. चोरी करून स्वतःकडे कशाला बोट वळवतील? शिवतेजने नेला नाही. त्याला नुसतं झाकण उघडून भागलं असतं. हौसेरावांनी नेला नाही. आयुष्यभर ज्या सीनची वाट बघितली तो कोण लपवेल?"

"मग काय भुताने नेला?" विलासशेठ म्हणाला.

"शेठ, तुमच्याच युनिटची रीत काय आहे? मरणाचा सीन झाला की?"

"नट हसतो. मग कट."

"शनिवारी हौसेराव हसले?"

झहूरने कपाळावर हात मारून घेतला.

"रोल संपला," मी म्हटलं. "तुम्ही सगळे रडण्यात आणि टाळ्यांत, वर सूर्य बुडत होता. हसू राहून गेलं. त्या फिल्मवर हौसेराव मेले आणि उठलेच नाहीत. हे एका माणसाच्या लक्षात आलं. घरी गेल्यावर त्याच माणसाला कळलं की लॅबमध्ये धुतलं की ते मरण पक्कं होतं, मग ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. धुवायला जाऊ द्यायचं नाही आणि मोडायचंही नाही, कारण आत आपलाच माणूस आहे. मग तो डबा अंधारात, थंड जागी ठेवला. ज्वारीच्या पिंपात, तळाशी. पण ज्या धान्याला मरण टेकलंय त्या धान्याची भाकरी नवऱ्याच्या ताटात कशी वाढायची? म्हणून घरात पाव आला."

शालनकाकू सावलीतून पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी भाकऱ्यांच्या डब्याखालचा दुसरा डबा काढला, पदराने पुसला आणि विलासशेठच्या हातात दिला. झाकणाच्या कडेला ज्वारीचे दाणे चिकटले होते.

"म्याच नेला," त्या म्हणाल्या. "कदी बगाया गेले न्हवते ह्येंचं मरन. त्या दिशी पयल्यांदा बगितलं आन् हसल्याबिगरच बंद झालं. नाव जाऊ द्या म्हनलं, पोस्टर जाऊ द्या, लोक चोर म्हनू द्या. मानूस ऱ्हाऊ द्या." आणि इतक्या दिवसांचं दाबून धरलेलं रडू एकदम फुटलं.

विलासशेठचा आवाज चढणार होता, मी हात वर केला. "काल मी काकूंना सांगितलं, डबा घेऊन या, आपण हसू घेऊ. झहूरभाई, तुकडा भरलाय?"

"भरलाय. छोटाच हाय, पन हसायला पुरेल," झहूर म्हणाला आणि कॅमेरा सुरू झाला.

हौसेराव अजून चिखलात मेलेलेच होते. सगळं ऐकलं होतं, पण कट झालं नव्हतं ना! मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात जात होतं. मग त्यांची छाती हलायला लागली. आधी थोडी, मग गदागदा. ते उठून बसले. लाल पाक हनुवटीवरून ओघळला, आणि तो माणूस असा हसला, असा हसला की शेडवरचे बगळे उडाले.

"आगं येडे," ते शालनकाकूंकडे बघत ओरडले, "ज्वारीत पुरलंस व्हय मला!"

शालनकाकू रडता रडता हसल्या. शिवतेज शुद्धीवर येऊन हसत होता. आणि घाम पुसायचं विसरून विलासशेठ मान हलवत म्हणाला, "हौसेराव, चुकलो मी. पाया पडू का आता?"

"नगं," हौसेराव म्हणाले. "नाव तेवडं मोठं छाप."

रोल संपेपर्यंत झहूरने कॅमेरा थांबवला नाही.

६

पिक्चर पनवेलला लागला तेव्हा आम्ही सगळे पहिल्या शोला गेलो. पोस्टरवर शिवतेजच्या डोक्याइतकं मोठं अक्षर होतं, 'हौसेराव निकम', एकटं, वेगळ्या ओळीत. शालनकाकूंनी ते हाताने चाचपून बघितलं.

थिएटर भरलेलं. रबरी सैतानाला पब्लिकने यथेच्छ शिव्या घातल्या. मग तो सीन आला. चिखलात पडलेला बाप बोलायला लागला आणि पुढच्या रांगेतली शिट्टी मारणारी पोरं हळूहळू गप्प झाली. हौसेरावांनी शेवटचा श्वास सोडला. शालनकाकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होता.

"मेला बिचारा," मागच्या रांगेतली एक बाई हुंदका देत म्हणाली.

शालनकाकू वळल्या. "मेले न्हाईत. थांबा जरा."

पिक्चर संपला, पडदा काळा झाला, लोक उठायला लागले. आणि एकाएकी पडदा उजळला. चिखलात पडलेले हौसेराव उठून बसले आणि हसले. ते हसू विलासशेठने कापलं नव्हतं. रांगाच्या रांगा उभ्याच्या उभ्या थांबल्या, मग एकाने टाळी दिली, मग शिट्ट्या, मग सगळं थिएटर हसायला लागलं. हसणाऱ्या चेहऱ्यावर नाव आलं, दुसरं कुणाचंच नाही. माझ्या शेजारी तो धिप्पाड माणूस खुर्चीत अवघडून बसला होता आणि काय करावं हे न कळून दोन्ही हात जोडत होता.

"सांगितलं न्हवतं?" शालनकाकू मागच्या बाईला म्हणाल्या. "माजे मालक हायेत ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. ताटात भाकरी होती.